मयूरीचे अठरा सेकंद

१

बुधवारी मधल्या सुट्टीत मुख्याध्यापक घाटगे सरांनी मला ऑफिसात बोलावलं. टेबलावर मयूरीचं सुवर्णपदक होतं आणि त्याच्या शेजारी एक पत्र. सर पदकाकडे बघत होते, पत्राकडे बघायचं टाळत होते.

"वाचा," ते म्हणाले.

सोमवारी साताऱ्याला जिल्हा स्पर्धा झाल्या होत्या. माण तालुक्यातल्या आमच्या हायस्कूलची मयूरी वीरकर, इयत्ता नववी, आठशे मीटरमध्ये पहिली आली होती. वेळ दोन मिनिटं चौतीस सेकंद. मंगळवारी गावात हलगी वाजली, शाळेत पेढे वाटले गेले. आणि आज हे पत्र. दुसऱ्या एका शाळेनं तक्रार केली होती : धावली ती मयूरी नव्हेच, तिच्या नावावर दुसरीच मुलगी धावली.

"काहीतरीच!" मी म्हटलं. "आपले खेळाचे लालासाहेब सर तिच्यासोबत होते की."

"तेच तर. समितीनं सरावाची नोंदवही मागितली, आणि लालासाहेबांनी ती अभिमानानं नेऊन दिली." सरांनी वहीच्या पानाचा फोटो पुढे सरकवला. "शनिवारचा सराव बघा. स्पर्धेच्या दोन दिवस आधीचा."

लालासाहेब सरांच्या ठसठशीत अक्षरात लिहिलं होतं : मयूरी, आठशे मीटर, दोन मिनिटं बावन्न सेकंद.

"अठरा सेकंद," घाटगे सर म्हणाले. "शनिवारी बावन्न आणि सोमवारी चौतीस. एवढा फरक दोन दिवसांत कुणी तोडत नाही, असं समितीचे इनामदार साहेब म्हणतात. शुक्रवारी अकरा वाजता ते स्वतः येणार आहेत. समाधानकारक उत्तर मिळालं नाही तर पदक जाईल, मयूरीचं कोल्हापूरच्या विभागीय स्पर्धेचं नाव जाईल आणि वर्षभर शाळेला बंदी."

"मग यात मी काय करू?"

"पेटीचा भाता कोण कुरतडतं ते तुम्हीच शोधलं होतंत."

"सर, तो उंदीर होता."

"होय, पण तुमच्या आधी आम्ही तीन पोरांना शिक्षा करून बसलो होतो."

मी शकुंतला दातार. मूळची सांगलीची, इथे नऊ वर्षं झाली. नेमणूक हिंदी शिकवायची, पण पेटी वाजवता येते म्हटल्यावर प्रार्थना, समूहगीत आणि स्नेहसंमेलन आपोआप माझ्याकडे आलं. खेळातलं मला काही कळत नाही. तरी मी पत्र उचललं, कारण दाराबाहेर मयूरी उभी होती. आत काय चाललंय ते तिला ठाऊक होतं. ती रडत नव्हती, हाताची घडी घालून ताठ उभी होती.

"बाई," ती म्हणाली, "मीच पळाले."

२

लालासाहेब सर मैदानावर खो-खोच्या खांबाला टेकून बसले होते. शिट्टी गळ्यात, मान खाली.

"मॅडम, माझ्याच हातानं पोरीचा गळा कापला की वो मी. वही दिली नसती तर?"

"वहीतलं खरं आहे?"

"एक न् एक आकडा खरा हाय. खोटं लिहायला मला येत असतं तर मी हितं शिट्टी वाजवत बसलो असतो व्हय?"

स्टॉपवॉच मी माझ्या मोबाईलशी ताडून बघितलं. दहा मिनिटांत एका सेकंदाचाही फरक पडला नाही. घड्याळ निर्दोष होतं. मग समितीनं फोटो काढून परत केलेली मूळ वही मागून घेतली आणि पायरीवर बसून पानं उलटायला लागले. जुलैपासून मयूरी हळूहळू सुधारत गेलेली दिसत होती. दिवाळीच्या सुट्टीआधीचा शेवटचा आकडा होता दोन सदतीस. सुट्टीनंतरचा पहिला, दोन चोपन्न.

"हे काय? सुट्टीत एकदम एवढी मागे पडली?"

"ती एकटीच न्हवं. खाली बघा की."

मी खाली बघितलं. सरावाला येणाऱ्या अकराच्या अकरा मुली सुट्टीनंतर मागे पडल्या होत्या. कुणी पंधरा सेकंदांनी, कुणी अठरा, कुणी वीस.

"फराळ!" लालासाहेब सर म्हणाले. "मी निवडणुकीच्या कामाला गेलतो. सराव बंद. पोरी घरी बसून चकल्या, करंज्या. आल्या त्या निस्त्या डुलत. लय बोललो मी त्यास्नी. रोज बोललो."

अकरा मुलींनी एकाच मापानं फराळ खाल्ला? मला हे पटेना. पण तेवढ्यात घाटगे सर जवळजवळ पळतच मैदानावर आले. त्यांना पळताना मी नऊ वर्षांत पहिल्यांदा बघत होते. त्यांनी मोबाईल माझ्यासमोर धरला. तक्रार करणाऱ्या शाळेनं समितीला एक व्हिडिओ पाठवला होता, तो इनामदार साहेबांनी पुढे धाडला होता.

साताऱ्याचं मैदान. शर्यतीआधीची गर्दी. मंडपाच्या मागे मयूरी उभी होती, खांद्याला तिची निळी पिशवी. कॅमेरा उजवीकडे वळला. तिथे पाणी पीत दुसरी मयूरी उभी होती.

तेच कपाळ, तीच हनुवटी, तीच वेणी.

३

"कोण आहे ती?" मी विचारलं.

संगीताच्या खोलीत मी आणि मयूरी दोघीच होतो. तिनं आधी जमिनीकडे बघितलं, मग खिडकीबाहेर.

"कुणी न्हाई."

"मयूरी, मी तुझ्या बाजूनं आहे. पण तू खोटं बोललीस तर मला काहीच करता येणार नाही."

"उत्कर्षा," ती म्हणाली. " माझ्या आत्याची पोरगी. जतला असती. शाळा बुडवून एकटीच एस्टीनं सातारला आल्ती, माझी शर्यत बघायला. मामाला कळलं तर तिची शाळाच बंद हुईल, म्हणून मी कुणाला बोलले न्हाई." मग घाईनं, "मामा म्हंजे तिचा मामा, माझे आबा. ती आमच्या आबांना लय भिती."

एवढ्यात दारावर टकटक झाली आणि आमचे चित्रकलेचे मुकुल सर आत आले. हे मिरजेचे, वर्षभरापूर्वी इथे रुजू झालेले. बोटांना कायम रंग, शर्टाच्या खिशाला कायम ब्रश. गेल्या स्नेहसंमेलनाच्या नाटकात मयूरी सुभेदार झाली होती आणि तिच्या मिशा त्यांनीच चिकटवल्या होत्या.

"दातार बाई, मला ऑफिसातून विचारणा झाली," ते घाबऱ्या आवाजात म्हणाले. "तक्रारीत नाटकाचा फोटो जोडलाय म्हणे. या शाळेत वेश बदलून देणारा माणूस आहे, असं लिहिलंय. मी फक्त मिशी लावतो हो!"

"सोमवारी तुम्ही कुठे होता?"

"इथेच. नाटकाचा पडदा रंगवत होतो. धुळामामांना विचारा."

धुळामामा म्हणजे आमचे शिपाई. त्यांना विचारलं. "व्हय, हितंच हुतं. माझ्या अंगावर बी निळा रंग सांडला," असं उत्तर मिळालं. वर एक गाऱ्हाणंही ऐकावं लागलं : मैदानावर रेघा मारायची फक्की आजकाल पुरत नाही, पूर्वी दोन पोत्यांत भागायचं, आता तिसरं पोतं फोडावं लागतं, आणि घाटगे सर म्हणतात की मामा सांडतात. मी मान डोलावली आणि विसरून गेले. माझ्या डोक्यात ती दुसरी मयूरी फिरत होती.

संध्याकाळी मयूरीकडून नंबर घेऊन मी उत्कर्षाला व्हिडिओ कॉल लावला. पडद्यावर मयूरीचाच चेहरा आला, पण मोबाईल जरा लांब धरल्यावर माझं मला हसू आवरेना. चेहरा मयूरीचा होता, पण खांदे मयूरीच्या दुप्पट होते.

"बाई, मी गोळाफेक करते," उत्कर्षा म्हणाली. "आमच्या तालुक्यात पयली हाय मी. आठशे मीटर मला पळायला सांगू नका, मी ते अंतर चालत बी जाणार न्हाई. मदी कुटं तरी चहा प्यायला थांबीन."

मी निःश्वास सोडला. धावली होती ती मयूरीच. पण मला पटून उपयोग नव्हता. खांद्यांवरून सुवर्णपदक वाचत नाही. इनामदार साहेबांचा प्रश्न तसाच उभा होता, आणि आता तो माझाही झाला होता : मयूरीच जर धावली, तर शनिवारचे ते अठरा सेकंद गेले कुठे?

४

गुरुवारी सकाळी साडेसहाला मी नेहमीप्रमाणे समूहगीताचा सराव घ्यायला बसले. संगीताच्या खोलीची खिडकी मैदानाकडे उघडते. मोबाईलवरचा तबला मी मोठ्या स्पीकरला जोडते, तीनताल, वर्षभर एकच लय, मिनिटाला ऐंशी मात्रा. सोळा मात्रांचं एक आवर्तन. पहिल्या मात्रेला सम, नवव्या मात्रेला खाली. समेला मुलं टाळी देतात, खालीला हात उताणा करून बाजूला नेतात.

मैदानावर मयूरी एकटीच सराव करत होती. लालासाहेब सर आले नव्हते. स्पीकरच्या ठेक्यावर पाय टाकायची तिची जुनी सवय, दर मात्रेला दोन पावलं. तसं पळालं की दम लागत नाही, असं ती सांगे.

ती खिडकीवरून गेली ती नेमकी समेला. मुलं गात होती. मी मनातल्या मनात आवर्तनं मोजत होते, तो माझा जन्माचा चाळा. एक, दोन, तीन, चार, पाच. पाचवं आवर्तन संपलं, सम आली, मुलांनी टाळी दिली. खिडकी रिकामीच.

मयूरी आली ती खालीला. मुलांचे हात उताणे झाले होते.

मी पेटी थांबवली.

"बाई, सूर चुकला का?" पुढच्या रांगेतल्या मुलीनं विचारलं.

"तुमचा नाही," मी म्हटलं. "एक सांगा. दिवाळीआधी मयूरी सरावाची फेरी मारून खिडकीवर कधी यायची?"

सगळी एकदम ओरडली, "समेला!" त्यांचा तो खेळच होता. पाच आवर्तनं संपली की टाळी आणि मयूरी एकदमच. दिवाळीनंतर तो खेळ बंद पडला होता. मला वाटलं होतं की मुलं कंटाळली.

मी चप्पल न घालताच खिडकीजवळ गेले आणि पुढची फेरी डोळ्यांनी बघितली. तबला तोच, लय तीच, मात्रेला दोन पावलं तीच. मयूरीचा पाय तसूभरही मंदावला नव्हता. दिवाळीआधी एक फेरी ऐंशी मात्रांची होती, आता अठ्ठ्याऐंशी मात्रांची. म्हणजे एकशेसाठ पावलांऐवजी एकशेशहात्तर.

पळण्याचा वेग तोच आणि पावलं जास्त. मग मयूरी हळू झालेलीच नव्हती. वाढली होती ती वाट.

कालचं धुळामामांचं गाऱ्हाणं आठवलं आणि मी मैदानाकडे धावले.

"मामा! तिसरं पोतं कधीपासून लागतं?"

मामा झाडू टेकवून आठवू लागले. "दिवाळीच्या सुट्टीपासनं. त्या चित्राच्या सरांनी रेघा नव्यानं मारल्या न्हाईत का, तवापासनं."

५

मुकुल सर चित्रकलेच्या खोलीत नाटकाच्या पडद्यावर डोंगर रंगवत होते.

"सर, मैदानावरचा ट्रॅक तुम्ही आखला?"

त्यांचा चेहरा खुलला. वर्षभरात पहिल्यांदाच कुणीतरी त्यांच्या कामाची दखल घेतली होती. "आवडला ना? स्नेहसंमेलनाच्या लेझीमचं ड्रोननं चित्रीकरण होणार आहे ना, म्हणून गच्चीवरून मैदान बघितलं. जुना ट्रॅक बघवत नव्हता हो. एका बाजूला फुगलेला, दुसरीकडे चेपलेला. वरून अगदी बटाटा! लालासाहेब निवडणुकीच्या कामाला गेलेले. म्हटलं, येतील तेव्हा खूश होतील. तीन दिवस दोरी धरून आखला. जुन्या रेघेला कुठेही न शिवता बाहेरून घेतला, म्हणजे ते फुगवटे दिसायला नकोत. आता वरून बघा, काय सुरेख अंडाकृती आलीय!"

"बाहेरून म्हणजे किती?"

"तीनेक मीटर."

"मुकुल सर, तो ट्रॅक दोनशे मीटरचा असावा लागतो. तेवढाच."

हातातल्या ब्रशवरून हिरवा थेंब त्यांच्या बुटावर पडला.

"मोजून?" ते म्हणाले. "पळायला मोजून वाट लागते?"

मी काही बोलायच्या आतच त्यांना सगळं उमगलं. अठरा सेकंद, तक्रार, मयूरी. ते मटकन स्टुलावर बसले. "म्हणजे हे सगळं माझ्यामुळे झालं. बाई, मी आत्ताच ऑफिसात जाऊन राजीनामा देतो."

"आत्ता टेप घेऊन मैदानावर या," मी म्हटलं. "राजीनाम्याचं शुक्रवारी बघू. आणि त्या रेघेला कुणी हात लावू नका. तीच आपला पुरावा आहे."

६

शुक्रवारी अकराला इनामदार साहेब आले. सडपातळ, मोजकं बोलणारे, स्वतः कधीकाळी धावलेले. खुर्चीवर बसण्याआधीच ते म्हणाले, "खुलासा लेखी आहे की तोंडी?"

"पायी आहे, साहेब," मी म्हटलं. "मैदानावर चला."

अख्खी शाळा मैदानाभोवती बसली होती. लेझीमवाल्या मुलींनी लेझमा आणल्याच होत्या, वाजवू नका असं मी बजावलं होतं. मी वही उघडली आणि साहेबांना अकराही मुलींची नावं दाखवली.

"दिवाळीनंतर या सगळ्या मागे पडल्या. एक मुलगी आळसावली असती तर समजलं असतं. अकरा जणी एकाच प्रमाणात मागे पडल्या, म्हणजे गोष्ट मुलींमध्ये नाही. घड्याळ तपासलं, ते बरोबर आहे. मग उरली जमीन." मग मी त्यांना तबला, सम, खाली आणि एकशेशहात्तर पावलं सांगितली. ते लक्ष देऊन ऐकत होते, पण भुवई वर गेलेली होती.

"गाण्यावरून मी निकाल लिहू शकत नाही," ते म्हणाले.

"म्हणूनच टेप आणलीय."

तीस मीटरची टेप. एका टोकाला साहेब स्वतः, दुसऱ्या टोकाला धुळामामा. सात वेळा टेप पुरी ताणली आणि वर दहा मीटर. शाळा मोठ्यानं मोजत होती. एकूण दोनशेवीस मीटर.

"चार फेऱ्यांचे आठशेऐंशी," साहेब पुटपुटले. "म्हणजे दिवाळीपासून ही पोरगी रोज ऐंशी मीटर जास्त धावत होती?"

"तुम्हीच बघा. एकच शर्यत, दोन घड्याळं. आठशे मीटर जिथे खरे संपतात तिथे तुम्ही उभे राहा. चौथी फेरी जिथे संपते तिथे लालासाहेब सर, रोजच्यासारखे."

मयूरी रेघेवर आली. साहेबांनी तिचं ओळखपत्र बघितलं, चेहरा बघितला, वाकून ओळखपत्रात नोंदलेला हनुवटीवरचा बारीक व्रणसुद्धा तपासला. तिनं हात मागे बांधून सगळं बघू दिलं. लालासाहेब सरांची शिट्टी वाजली.

पहिली फेरी सगळे गप्प होते. नुसते पाय ऐकू येत होते. दुसऱ्या फेरीला मागून कुणीतरी लेझीम हलवलीच, आणि मग कुणाच्याच आवाक्यात काही राहिलं नाही. शंभर लेझमा एका ठेक्यात वाजू लागल्या. मयूरीच्या चेहऱ्यावर त्या तीन दिवसांत पहिल्यांदा हसू आलं. तिसऱ्या फेरीला घाटगे सर खुर्चीवर चढले. मुकुल सरांनी डोळे मिटून घेतले होते आणि शेजारच्या पोराला ते सारखं विचारत होते, "कुठे आली? कुठे आली?"

ती साहेबांसमोरून वाऱ्यासारखी गेली. साहेबांचा अंगठा खाली आला. पुढचे ऐंशी मीटर संपवून ती लालासाहेब सरांसमोर थांबली, गुडघ्यांवर हात टेकून वाकली.

"सर, तुमची वेळ?" इनामदार साहेबांनी ओरडून विचारलं.

"दोन पन्नास!"

साहेबांनी स्वतःच्या घड्याळाकडे बघितलं, मग पुन्हा बघितलं. "दोन तेहतीस," ते म्हणाले. "साताऱ्यापेक्षा एक सेकंद कमी."

त्यापुढे ते आणखी काही बोलले असतील, पण लेझमांच्या गदारोळात कुणालाच ऐकू आलं नाही. खिशातून पेन काढून त्यांनी मांडीवरच तक्रार निकाली काढली. निघताना मात्र ते वळून ट्रॅककडे बघत राहिले. "आखलाय मात्र सुंदर," ते मुकुल सरांना म्हणाले, आणि राजीनाम्याचा कागद मुकुल सरांच्या खिशातच राहून गेला.

मयूरी पुढे कोल्हापूरला दुसरी आली, राज्य स्पर्धेला गेली, हे सगळ्या तालुक्याला ठाऊक आहे. मला सांगायचं आहे ते त्याच शुक्रवारच्या संध्याकाळचं.

शाळा सुटल्यावर लालासाहेब सर वही आणि मोबाईलचा कॅल्क्युलेटर घेऊन पायरीवर बसले आणि दिवाळीनंतरचा एकेक आकडा दुरुस्त करू लागले. मी शेजारी बसून नावं वाचत होते. सात-आठ नावं झाल्यावर त्यांचा हात थांबला.

"माया बनगर," ते म्हणाले. "हिला मी म्हणलं हुतं, तुझ्यात काय दम राहिला न्हाई, उगं येऊ नगंस. त्या दिवसापासनं आली न्हाई ती." त्यांनी आकडा पुन्हा केला. "मॅडम, ही दिवाळीआधीपेक्षा दोन सेकंदांनी पुढं गेलती. पुढं! आन् मी तिला घालवली."

ते उठले, मोटारसायकलला किक मारली. "बसा मागं. मला एकट्याला धीर हुणार न्हाई."

मायाचं घर गावाबाहेर माळावर. ती दारात शेळ्यांना पाला टाकत होती. सरांना बघून तिनं ओढणी सावरली आणि नजर खाली घातली. लालासाहेब सर, शंभर पोरांना एका शिट्टीत गप्प करणारे, गाडीवरून उतरले आणि गळ्यातली शिट्टी काढून खिशात घातली.

"माया," ते म्हणाले, "चूक माझी झाली. तू मागं न्हवती पडलीस. वाट लांब झालती. तू लय चांगली पळत हुतीस, पोरी."

आतून तिची आई बाहेर आली, काय झालं ते न कळून आमच्याकडे बघत राहिली. मायाच्या हातातला पाला एका शेळीनं ओढून घेतला, तरी तिचं लक्ष नव्हतं. ती सरांकडे बघत होती, खरं बोलतायत की गंमत करतायत ते तपासत होती. मग हळूहळू तिचा चेहरा उजळला.

"सर," ती म्हणाली, "उद्या किती वाजता येऊ?"